टीबीची एकच गोळी : उपचार कुणासाठी, प्रतिबंध कुणासाठी?

शेवंती

नमस्कार. मी जी.एन.एम. या परिचारिका अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. मागील आठवड्यात आमची सामाजिक आरोग्य परिचर्येची अंतर्गत तोंडी परीक्षा झाली आणि तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

परीक्षक मॅडमनी विचारले, "थुंकीत जंतू सापडलेल्या क्षयरुग्णाला औषधे सुरू करणे हा प्रतिबंधाचा कोणता स्तर आहे?" मी "द्वितीयक" असे उत्तर दिले. त्या "बरोबर" म्हणाल्या आणि लगेच पुढे विचारले, "आणि त्याच घरात राहणाऱ्या त्याच्या सुनेच्या दृष्टीने तीच गोळी कोणत्या स्तरात येते?" सून तर गोळी घेतच नाही, मग तिच्यासाठी स्तर कसला, या विचारात मी गप्प राहिले. आमच्या वहीत तीन रकान्यांचा तक्ता आहे. लसीकरण म्हणजे प्राथमिक, तपासणी व उपचार म्हणजे द्वितीयक आणि पुनर्वसन म्हणजे तृतीयक, असे मी पाठ केले होते. तो तक्ता या एका प्रश्नाने मोडला.

दुसरी शंका आरोग्याच्या व्याख्येविषयी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा वा दुर्बलतेचा अभाव नसून शारीरिक, मानसिक व सामाजिक दृष्ट्या संपूर्ण सुस्थिती होय. माझ्या आजीला वीस वर्षांपासून मधुमेह आहे, तरी ती रोज शेतात जाते, भजनाला बसते आणि घरातले सगळे निर्णय तिच्या शब्दावर होतात. या व्याख्येने ती निरोगी ठरत नाही. मग ही व्याख्या नेमकी कुणाला लागू पडते? जाणकारांनी कृपया सांगावे.

पांढरी कॅप

शेवंती, तुझ्या परीक्षक मॅडमनी फार चांगला प्रश्न विचारला. मी सत्तावीस वर्षे हा विषय शिकवून निवृत्त झाले आणि माझा अनुभव असा आहे की, तो तीन रकान्यांचा तक्ताच विद्यार्थिनींचे सर्वाधिक नुकसान करतो. त्या तक्त्यामुळे असा समज होतो की स्तर हा कृतीला चिकटलेला असतो, म्हणजे लस दिसली की प्राथमिक आणि गोळी दिसली की द्वितीयक. प्रत्यक्षात स्तर कृतीवरून ठरत नाही. ती कृती ज्या माणसासाठी केली, तो माणूस त्या विशिष्ट रोगाच्या वाटेवर कुठे उभा आहे यावरून स्तर ठरतो.

ही वाट म्हणजेच रोगाची नैसर्गिक वाटचाल. कुणीही मध्ये हस्तक्षेप केला नाही तर रोग आपल्या गतीने कसा पुढे जाईल, त्याचे ते चित्र असते. प्रतिबंधाच्या स्तरांची मांडणी करणारे लेव्हेल आणि क्लार्क यांनी त्याचे दोन टप्पे केले. पहिल्या टप्प्यात रोगकारक (म्हणजे जंतू), यजमान (म्हणजे ज्याला रोग होऊ शकतो तो माणूस) आणि परिसर हे तिघेही आपापल्या जागी असतात, परंतु रोगकारक अजून शरीरात शिरलेला नसतो. दुसऱ्या टप्प्यात तो शिरतो, वाढतो, आधी लक्षणांविना आणि मग लक्षणांसह रोग घडतो, आणि शेवट बरे होण्यात, अपंगत्वात किंवा मृत्यूत होतो. या वाटेवर त्यांनी पाच ठिकाणी अडथळे उभे केले : आरोग्यसंवर्धन, विशिष्ट संरक्षण, लवकर निदान व उपचार, अपंगत्व मर्यादित ठेवणे आणि पुनर्वसन. पहिले दोन प्राथमिक, तिसरा द्वितीयक आणि शेवटचे दोन तृतीयक.

आता तुझा क्षयरुग्ण घे. तो वाटेवर पुढे आलेला आहे, म्हणून गोळी त्याच्यासाठी द्वितीयक. सून अजून वाटेच्या सुरुवातीला आहे आणि तिच्यासाठी सासऱ्याचा खोकला हाच संसर्गाचा उगम आहे. परिणामकारक औषधे नियमित सुरू झाली की सासऱ्याची संसर्ग पसरवण्याची क्षमता काही आठवड्यांतच पुष्कळ कमी होते, म्हणजे सुनेच्या वाटेवरचा उगमच बंद होतो. गोळी सासऱ्याच्या पोटात गेली, पण प्राथमिक प्रतिबंध सुनेचा झाला. आणि समजा हा रुग्ण फुप्फुसाचा मोठा भाग निकामी झाल्यावर आला असता, तर त्याच गोळ्यांना आपण उरलेले फुप्फुस वाचवण्याचा, म्हणजे तृतीयक स्तराचा उपाय म्हटले असते.

लोहाच्या गोळीचेही असेच आहे. हिमोग्लोबिन १२ असलेल्या गरोदर स्त्रीला रोज एक गोळी १८० दिवस देतो ते विशिष्ट संरक्षण आहे, आणि ९.५ असलेल्या स्त्रीला रोज दोन देतो तो उपचार आहे. डबी तीच, उपकेंद्र तेच, देणारी सिस्टरही तीच. म्हणून उत्तर देण्यापूर्वी स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात : कोणता रोग, कोणता माणूस, आणि तो माणूस त्या रोगाच्या वाटेवर कुठे आहे.

पाणवठा

मी आरोग्य सेवक आहे, त्यामुळे माझा बहुतेक वेळ लोकांच्या घरातील पिंप, हौद आणि कूलर तपासण्यात जातो. मॅडमनी रोगकारक, यजमान आणि परिसर या त्रिकोणाचा उल्लेख केला, त्यात परिसराची बाजू विद्यार्थी फार घाईने ओलांडतात, म्हणून लिहितो.

डेंग्यूचे उदाहरण घ्या. विषाणू हा रोगकारक, माणूस हा यजमान आणि एडिस डास व त्याला वाढू देणारे साचलेले पाणी हा परिसर. एडिसची अंडी पिंपाच्या कडेला पाण्याच्या रेषेजवळ चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही अनेक महिने जिवंत राहू शकतात. म्हणून आम्ही आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतो, तेव्हा नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही, भांडे आतून घासून वाळवावे लागते. आठवडाच का, तर अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात आणि ते चक्र पूर्ण होण्याआधी मोडायचे असते. धूरफवारणीने फक्त उडते डास मरतात, तरीही लोकांना आणि पुढाऱ्यांना ती सर्वांत आवडते, कारण ती दिसते.

तुमच्या तक्त्यात बहुधा चौथा रकाना नसेल : प्रायमॉर्डियल, म्हणजे धोक्याचा घटकच जन्माला येऊ न देणे. माझ्या भागात चार दिवसांआड पाणी येते, म्हणून प्रत्येक घर पिंपे भरून ठेवते. ज्या दिवशी रोज नळाला पाणी येईल, त्या दिवशी पिंपेच उरणार नाहीत, आणि तो झाला प्रायमॉर्डियल प्रतिबंध. पिंप आहे, पण ते घासून कोरडे केले किंवा हौदात गप्पी मासे सोडले, तर प्राथमिक. तापाच्या रुग्णाचा रक्तनमुना वेळेत घेतला तर द्वितीयक. यातील पहिली गोष्ट ना माझ्या हातात आहे ना तुमच्या, ती पाणीपुरवठ्याच्या अंदाजपत्रकात आहे. मी तरी ते दर वर्षी ग्रामसभेत बोलून दाखवतो.

शेवंती

मॅडम, दादा, मनापासून आभार. तीन प्रश्नांची पद्धत मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली. ती वापरून बघताना मात्र एका ठिकाणी अडले. कुत्रा चावल्यानंतर आपण रेबीजची लस देतो. चावा झालेला आहे, विषाणू कदाचित शरीरात गेलेलाही आहे, पण रोग झालेला नाही. हा माणूस वाटेवर कुठे उभा आहे असे समजायचे?

काजवा

माझ्या मते हे द्वितीयक आहे. लेव्हेल-क्लार्क यांच्या मांडणीत रोगकारक यजमानाच्या शरीरात शिरला की दुसरा टप्पा सुरू होतो. चाव्याने तो शिरला. त्यानंतर केलेली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या टप्प्यातील आहे, म्हणून ती प्राथमिक असूच शकत नाही. मी स्वतः शिकवतो आणि विद्यार्थ्यांना असेच सांगतो.

पांढरी कॅप

काजवा सर, आपला युक्तिवाद मांडणीला धरून आहे, पण त्याच मांडणीत प्राथमिक प्रतिबंधाची व्याख्या "रोग सुरू होण्यापूर्वी केलेली कृती" अशी आहे. म्हणजे वाटेवर दोन खुणा आहेत : एक जंतू शिरण्याची आणि दुसरी रोग सुरू होण्याची. बहुतेक रोगांत या दोन खुणा इतक्या जवळ असतात की आपल्याला फरक जाणवत नाही. रेबीजमध्ये त्यांच्यामध्ये बहुधा एक ते तीन महिन्यांचे अंतर असते आणि त्या अंतरातच आपण काम करतो. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुणे, लस देणे आणि तिसऱ्या श्रेणीच्या, म्हणजे रक्त येणाऱ्या गंभीर चाव्यात जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडे) देणे, हे सर्व विषाणू मज्जातंतूंपर्यंत पोहोचण्याआधी त्याला रोखण्यासाठी असते. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो, त्यामुळे येथे "लवकर निदान करून उपचार" या शब्दांना काही अर्थच उरत नाही. म्हणून मी त्याला विशिष्ट संरक्षण, म्हणजे प्राथमिक म्हणते.

तोंडी परीक्षेत मात्र, शेवंती, नुसते एका शब्दाचे उत्तर देऊ नकोस. "रोगाचा आरंभ ही खूण धरली तर प्राथमिक, जंतूचा प्रवेश ही खूण धरली तर दुसरा टप्पा" असे सांगितलेस, तर समोरची व्यक्ती कोणत्याही बाजूची असली तरी तुला मुद्दा कळलेला आहे हे तिला दिसेल.

काजवा

दोन खुणांचा मुद्दा मान्य. मी यापुढे वर्गात दोन्ही बाजू मांडेन, पण माझे मत अजून पूर्ण बदललेले नाही. क्षयरोगातही हीच अडचण आहे. ज्याला संसर्ग झालेला आहे पण रोग नाही, अशा घरातील व्यक्तीला आपण क्षयरोग प्रतिबंधक उपचार देतो. नावातच प्रतिबंध आणि उपचार हे दोन्ही शब्द आहेत.

वैनगंगा

धाग्यातील दुसरा प्रश्न मागे पडला, तो पुढे नेते. मी विदर्भात उपकेंद्रावर ए.एन.एम., म्हणजे आरोग्य सेविका आहे.

शेवंती, तू दिलेली व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेतील आहे. ती घटना १९४६ मध्ये स्वीकारली गेली आणि ७ एप्रिल १९४८ पासून अमलात आली, म्हणूनच ७ एप्रिल हा जागतिक आरोग्य दिन असतो. तिच्यातील "संपूर्ण" या शब्दावर तेव्हापासून टीका होत आली आहे, आणि तुझ्या आजीचे उदाहरण हीच ती टीका आहे. दीर्घकालीन आजार घेऊन जगणाऱ्यांची संख्या वाढत असताना ही व्याख्या बहुतेकांना आजारी ठरवते. २०११ मध्ये काही संशोधकांनी असे सुचवले की आरोग्य ही स्थिती न मानता क्षमता मानावी : आलेल्या शारीरिक, मानसिक व सामाजिक अडचणींशी जुळवून घेण्याची आणि स्वतःची काळजी स्वतः घेण्याची क्षमता. या दृष्टीने तुझी आजी बऱ्यापैकी निरोगी आहे. तरीही मी जुनी व्याख्या टाकून देणार नाही, कारण महायुद्ध नुकतेच संपलेले असताना "सामाजिक" हा शब्द आरोग्यात आणणे ही लहान गोष्ट नव्हती.

पण मला खरे लिहायचे आहे ते रोग आणि आजारपण यांतील फरकाविषयी. डॉक्टरांना तपासणीत सापडतो तो रोग. माणसाला स्वतःला जाणवते ते दुखणे. आणि घरच्यांनी "तू आज झोपून राहा, स्वयंपाकाचे आम्ही बघतो" असे म्हटल्यावर मिळतो तो आजाऱ्याचा दर्जा. या तीन गोष्टी एकत्र असतीलच असे नाही. रक्तदाब वाढलेल्या माणसाला रोग असतो पण दुखणे नसते. आणि आपल्या भाषेत एक असा वाक्प्रचार आहे की ज्यात रोग आहे, दुखणे आहे, पण दर्जा नाही : दुखणे अंगावर काढणे. माझ्या कार्यक्षेत्रातील बायका अंगावरून पांढरे जाणे, अंग बाहेर येणे, ओटीपोटात दुखणे हे सगळे वर्षानुवर्षे अंगावर काढतात आणि विचारले तर "काही त्रास नाही" असे सांगतात.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग आढळले आणि त्यापूर्वी कधी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. वर्गात हिमनगाची आकृती काढताना पाण्यावरचे टोक म्हणजे दवाखान्यात येणारे रुग्ण आणि पाण्याखालचा भाग म्हणजे न आलेले, असे सांगतात. माझ्या मनात त्या आकृतीखाली हे दोन आकडे लिहिलेले असतात. पाण्याखालचा तो भाग नेहमी लक्षणांविनाच असतो असेही नाही. येथे लक्षणे होती, फक्त ती कुणी विचारली नव्हती. (धनुर्वात आणि रेबीज यांना मात्र असा हिमनग नसतो, रोग झाला की तो दिसतोच. हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो.)

पाणवठा

"विचारली नव्हती" हे अगदी खरे. आम्ही पुरुष कर्मचारी घरभेटीत गेलो तर तो प्रश्न विचारूही शकत नाही. आशाताईंशिवाय तो भाग दिसत नाही.

आकडेमोड

या धाग्यात आकड्यांचा विषय निघालाच आहे, तर नवे रुग्ण आणि एकूण रुग्ण यांतील फरकही सांगून टाकतो, कारण त्यात भल्याभल्यांची गफलत होते. ठरावीक काळात जे नव्याने रोगी होतात त्यांचे प्रमाण म्हणजे इन्सिडन्स, आणि एखाद्या वेळी जुने-नवे मिळून जेवढे रुग्ण असतात त्यांचे प्रमाण म्हणजे प्रिव्हलन्स. हौदाची उपमा घ्या. नळातून पडते ते नवे रुग्ण, हौदात साठलेले ते एकूण रुग्ण, आणि तळाच्या मोरीतून जाते ते बरे झालेले किंवा दगावलेले. हौदातील पातळी नळावर तर अवलंबून असतेच, पण पाणी किती काळ आत राहते यावरही असते. म्हणून स्थिर परिस्थितीत प्रिव्हलन्स म्हणजे इन्सिडन्स गुणिले रोगाचा सरासरी कालावधी.

याचे आपल्याकडील सर्वांत शिकवण्यासारखे उदाहरण कुष्ठरोगाचे आहे. पूर्वी डॅप्सोन हे एकच औषध वर्षानुवर्षे, काहींना जन्मभर, घ्यावे लागे आणि तोवर रुग्णाचे नाव नोंदवहीत राहत असे. १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आला, नंतर बहुजिवाणू, म्हणजे शरीरात जंतू जास्त असलेल्या रुग्णांचा उपचारकाळही २४ महिन्यांवरून १२ महिन्यांवर आला, आणि उपचार पूर्ण होताच नाव वहीतून निघू लागले. मोरी मोठी झाली, हौद भराभर उतरला. डिसेंबर २००५ मध्ये भारताने राष्ट्रीय पातळीवर दर १०,००० लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण ही मर्यादा गाठली आणि त्याला निर्मूलन म्हटले गेले. ते यश खरेच आहे, पण नळ बंद झाला असा त्याचा अर्थ नव्हता. नवे रुग्ण त्यानंतरही सापडत राहिले, आणि त्यांत लहान मुलेही असतात, जे संसर्ग चालू असल्याचे लक्षण आहे.

येथेच शब्दांचा घोळ होतो. मराठीत आपण दोन वेगळ्या गोष्टींना "निर्मूलन" हाच शब्द वापरतो. जगातून रोग कायमचा नाहीसा होणे ही एक गोष्ट, जी माणसाच्या रोगांत आजवर फक्त देवीच्या बाबतीत साधली आणि १९८० मध्ये जाहीर झाली. विशिष्ट प्रदेशात रोगाचे प्रमाण ठरवलेल्या मर्यादेखाली आणणे ही दुसरी. निसर्गातील मूळ विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला आणि जागतिक आरोग्य संघटनेचा आपला आग्नेय आशिया विभाग मार्च २०१४ मध्ये पोलिओमुक्त प्रमाणित झाला, तरी जगात तो अजून शिल्लक आहे, म्हणून डोस चालूच आहेत. पहिल्या अर्थासाठी मी "समूळ उच्चाटन" वापरतो आणि दुसऱ्यासाठी "दूरीकरण". हे शब्द सर्वमान्य नाहीत, पण विद्यार्थ्यांचा गोंधळ कमी होतो.

पांढरी कॅप

आकडेमोड सरांनी कुष्ठरोग काढला, म्हणून तृतीयक स्तराविषयी थोडे लिहिते, कारण तो नेहमी "पुनर्वसन" या एका शब्दात गुंडाळला जातो. औषधांनी जंतू मेले तरी ज्या पायाची संवेदना गेली, ती बहुतेक वेळा परत येत नाही. त्या पायाला काटा टोचला तर कळत नाही, जखम चिघळते आणि बोटे जातात. म्हणून मऊ रबरी तळाची एम.सी.आर. चप्पल देणे, रोज पाय पाण्यात भिजवून तेल लावणे आणि झोपण्यापूर्वी तळवे डोळ्यांनी तपासणे हे शिकवावे लागते. हे अपंगत्व मर्यादित ठेवणे आहे. वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करून हात पुन्हा कामाचा करणे, त्याला रोजगार मिळवून देणे आणि घरच्यांनी त्याला पंगतीत बसवणे हे पुनर्वसन आहे. यातील योग्य चप्पल घालणे आणि रोज तळवे तपासणे हे मधुमेहाच्या रुग्णाच्या पायांनाही लागू आहे, पाय भिजवत ठेवणे मात्र नाही. शेवंती, आजी शेतात अनवाणी जातात का?

शेवंती

मॅडम, आजी अनवाणीच जाते. आज संध्याकाळी तिचे तळवे पाहते.

सगळ्यांचे वाचून मी माझ्या कुटुंब-अभ्यासातील घराची पुन्हा मांडणी केली आहे. कृपया तपासावी. आजोबांना फुप्फुसाचा क्षयरोग असून औषधांचा दुसरा महिना चालू आहे. त्यांच्यासाठी द्वितीयक, घरातील इतरांसाठी प्राथमिक. नातू तीन वर्षांचा आहे. त्याला क्षयरोग नाही याची वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून खात्री करून घेऊन मग प्रतिबंधक उपचार, जो रोगाचा आरंभ ही खूण धरून मी प्राथमिक मानला आहे. सून सहा महिन्यांची गरोदर आहे आणि हिमोग्लोबिन ९.८ आहे, लोहाच्या दोन गोळ्या, म्हणून द्वितीयक. आजोबांचा मुलगा गेली चौदा वर्षे तंबाखू-चुना खातो. त्याला तंबाखू सोडण्याविषयी समुपदेशन केले, तोंडाच्या कर्करोगाच्या दृष्टीने प्राथमिक.

वैनगंगा

सुनेच्या बाबतीत एक भर घाला. खोकला, ताप, रात्रीचा घाम आणि वजन, या चारही गोष्टी तिला दर भेटीत विचारायला हव्यात. गरोदरपणात वजन घटले नाही, पण वाढायला हवे तेवढे वाढतही नाही, असे असेल तरी ते नोंदवा. रक्तक्षयाच्या दृष्टीने ती द्वितीयक स्तरावर आहे, क्षयाच्या दृष्टीने नाही. एकाच बाईच्या एकाच वेळी दोन वाटा आहेत.

पांढरी कॅप

मांडणी चांगली आहे. फक्त मुलाच्या बाबतीत तू "प्राथमिक" कशावरून ठरवलेस? चौदा वर्षे गालात तंबाखू धरणाऱ्या माणसाच्या तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असू शकतो, तोंड पूर्ण उघडत नसेल अशीही शक्यता असते. तसे असेल तर तो वाटेवर पुढे आलेला आहे आणि नुसते समुपदेशन पुरणार नाही, त्याला दंतवैद्यांकडे पाठवावे लागेल. तू त्याचे तोंड उघडून पाहिलेस का?

शेवंती

नाही, मॅडम. तो ओट्यावर बसला होता आणि मी अंगणातूनच बोलले. सोमवारी त्याच गावात पोस्टिंग आहे; टॉर्च घेऊन जाते.